दाजीबा कंपाउंडर आणि हिराची झूल

"अहो कंपाउंडर! पेटलात की! मागनं पेटलात!"

कामथडीच्या एका खाचरात भातलावणीला वाकलेली बाई कंबर सरळ करून ओरडत होती. पाऊस घटकाभर थांबला होता, पण सगळं असं चिंब होतं की त्यात विस्तव तर राहोच, नुसतं विस्तवाचं नाव काढलं असतं तरी ते तोंडातल्या तोंडात विझलं असतं. तरी बाई खरं बोलत होती. रस्त्यावरून एक फटफटी येत होती, फटफटीवर आमचे दाजीबा कंपाउंडर बसले होते, आणि त्यांच्या पाठीमागे बांधलेल्या वळकटीतून चुन्याच्या भट्टीसारखा धूर निघत होता. दाजीबांनी हात वर करून बाईला रामराम घातला आणि ते तसेच पुढे गेले. फटफटीवरून जाताना शेतातली माणसं काही ना काही ओरडतातच, असा त्यांचा अनुभव होता. धुराचं म्हणाल, तर ती फटफटी धूर सोडत नसे तेव्हाच काळजी करायची.

बाई चिखल तुडवत त्यांच्यामागे पळाली. मी तिथे नव्हतो, म्हणून मला हे सगळं अगदी स्वच्छ दिसतं. टोपीचं मागलं टोक करपायला लागलं तेव्हा कुठे दाजीबा थांबले. त्यांनी वळकटी सोडून रस्त्यावर टाकली. तिच्यात त्यांचा नवा कोरा कोट होता. जाड दोसुती कापडाचा, जवसाचं तेल पाजपाजून तयार केलेला, थेंबभर पाणी आत येऊ देणार नाही असा. त्याच्यावर पावसाची एक सर आली आणि तो चुरचुरत विझला.

दाजीबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग बाईला म्हणाले, "इझला. म्हंजी पाणी पितोय."

एवढ्यावरून माणूस ओळखावा. दुसरा कुणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. दाजीबांनी कोटाची परीक्षा घेतली आणि त्याला नापास केलं.

भोरच्या दवाखान्यात मी तेव्हा रोग्यांची नावनिशी लिहायला होतो, आणि माझ्या खिडकीपलीकडे दाजीबा औषधं कालवत. माणूस उत्रोलीचा, शेतकऱ्याच्या घरातला, अंगाने शेवग्याच्या शेंगेसारखा. प्रत्येक औषध देण्याआधी ते स्वतः बोटाने चाखत. त्यामुळे त्यांना कधी रोग म्हणून झाला नाही. आत इतकी औषधं होती की रोगाला बसायला जागा नव्हती. खोकल्याच्या औषधाची चव त्यांना इतकी आवडे की दवाखान्यातली खोकल्याची बाटली सगळ्यात आधी रिकामी होई आणि खोकणारे तसेच खोकत राहत.

आयुष्यभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्यांचं बोलणंही चिठ्ठीसारखं झालं होतं. कुणी भांडत आलं की म्हणत, "आदी हलवून घ्या." जेवताना बायकोने काही गाऱ्हाणं काढलं तर, "जेवणानंतर." माणसांचे त्यांनी दोनच वर्ग केले होते, पोटात घ्यायची माणसं आणि फक्त बाहेरून लावायची माणसं. एकदा एका मुलीचा बाप स्थळाची चौकशी करायला आला. "पोरगा कसा काय, दाजीबा?" दाजीबा म्हणाले, "बाहेरनं लावायला झ्याक हाय." बापाने सोयरीक मोडली. पुढे तो पोरगा एका तमाशाच्या फडाबरोबर निघून गेला आणि त्या बापाने दाजीबांना भाताचं पोतं आणून दिलं.

ह्या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती होती. घोडी.

त्याचं मूळ त्यांच्या लग्नात होतं. नवरदेव घोडीवर बसून मांडवाकडे निघाला, ताशा कडाडला आणि घोडी उधळली. ती कुठवर गेली याबद्दल दोन मतं आहेत. दाजीबांचं मत, शिवेपर्यंत. माझं मत असं, की ती थेट नसरापूरपलीकडे दुसऱ्याच एका मांडवासमोर जाऊन उभी राहिली. तिथला नवरदेव यायचाच होता. बायकांनी दाजीबांना ओवाळलं, नारळ उतरून टाकला, भटजींनी अंतरपाट उलगडला, एवढ्यात नवरीच्या मामाने सहज विचारलं, "पावणं, गाव कंचं?" दाजीबा खरं बोलणारे म्हणून वाचले. मुंडावळ्या बांधलेल्या तशाच ठेवून ते रानातून पायी चालत आपल्या मांडवात आले, तोवर मुहूर्त टळून गेला होता. घोडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. रस्त्यात घोडी दिसली तर ते समोरच्या घरात शिरून पाणी मागत.

आणि आमच्या दवाखान्याच्या मागच्या तबेल्यात हिरा होती.

वेल्ह्याच्या बाजाराला दवाखान्याचा माणूस औषधं घेऊन जाई, तो हिरावर बसून. पावसाळ्यात त्या खोऱ्यात घरटी एक तरी माणूस हिवतापाने कुडकुडत असायचा, आणि त्याच्यावर उतारा एकच, कुनैनची पुडी. आधीचे कंपाउंडर हिराला टाच मारून दुपारच्या आत वेल्हे गाठत. हिराच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत जाड किंतानाची झूल असे आणि झुलीखाली पुड्यांची थैली. झुलीला पुढून घुंगरं होती. घुंगरं वाजली की वाटेवरच्या वाड्यांतून माणसं पुडी कालवून घ्यायला आपापल्या बाटल्या घेऊन रस्त्यावर यायची. ते कंपाउंडर थकून घरी बसले आणि ती जबाबदारी दाजीबांवर आली. त्या दिवशी दाजीबांनी जन्मात पहिल्यांदा चुकीचं औषध कालवलं.

त्यांना तारलं ते फटफटीने. आमच्या डॉक्टरसाहेबांनी ती पुण्याच्या लष्करातल्या लिलावात घेतली होती. स्वतः एकदाच बसले आणि सरळ नीरेत गेले. नदीने फटफटी परत केली, साहेबांचा उत्साह तेवढा ठेवून घेतला. फटफटी पडून होती. दाजीबा एका दुपारीत ती शिकले.

"भ्या न्हाई वाटत?" मी विचारलं.

"कशाचं भ्या? हिला दात न्हाईत."

उन्हाळाभर ते फटफटीवरून वेल्ह्याला गेले. गुरं बिथरायची, कोंबड्या महिनाभर अंडी घालायच्या नाहीत, पण औषध पोचायचं. मृग लागला तशी डॉक्टरसाहेबांनी त्यांना बोलावलं.

"दाजीबा, फटफटीला टप नाही. पावसात पुड्या नेणार कशा?"

"कोरड्या नेतो, साहेब."

"भिजलेली कुनैन म्हणजे चिखल. तो कुणाला द्यायचा? तेव्हा असं करू. पावसाळा संपेपर्यंत पुड्या कोरड्या पोचल्या, तर फटफटी तुमची. एकदा जरी भिजल्या, तरी दुसऱ्या दिवसापासून हिरा."

खिडकीबाहेर हिराचा मोतद्दार सखाराम उभा होता. तो मोठ्याने म्हणाला, "खोगीर पुसून ठिवतो."

आता तुम्ही म्हणाल, पत्र्याच्या डब्यात न्यायच्या पुड्या. नेल्या होत्या. त्या रस्त्याला रस्ता म्हणणं हा रस्त्याचा मोठेपणा. डबा असा आदळला की पुड्या फुटून कुनैन, सोडा आणि जुलाबाचं चूर्ण एकजीव झालं. विंझरच्या एका पैलवानाने ते तापावर घेतलं. त्याचा ताप त्याला विसरायला झाला. दुसऱ्याच कामात तो इतका गुंतला. तेव्हापासून पुड्या दाजीबांच्या छातीशी, सदऱ्याच्या आत. म्हणजे पुडी कोरडी राहायची तर दाजीबा कोरडे राहायला हवे. आणि आमच्या पगारात कोरडं राहणं सोपं नव्हतं.

ते आधी पुण्याला गेले. लष्कराच्या बाजूला एका दुकानात रबरी कोट टांगलेले असत. मी सोबत होतो. दुकानदाराने किंमत सांगितली. दाजीबा म्हणाले, "फटफटी न्हाई इचारली, कोट इचारला." तरी त्यांनी तो अंगात घातला, बाह्यांत फुंकर मारून पाहिली, रबराचा वास घेतला, एक कोपरा जिभेला लावून पाहिला. मग दुकानातल्या खुर्चीवर पाय फाकून, हात पुढे धरून बसले.

"आता वतू द्या पाणी."

"काय?" दुकानदार म्हणाला.

"येक कळशी. पुढनं."

"दुकानात पाणी ओतायचं?"

"पाण्याचा कोट पाण्याबिगर कसा घ्यायचा? तुमी कापूस घालून बगनार का?"

दुकानदाराने आम्हाला बाहेरची वाट दाखवली. बाहेर आल्यावर दाजीबा समाधानाने म्हणाले, "बरं झालं. त्यो कोट हुब्या मानसाचा हाय. बसलं की मांडीवर उघडतोय. पानी वरनं येत न्हाई, मांडीत साचतं आन् मग पोटाकडं चढतं. फटफटीवर पाऊस पडत न्हाई. आपणच पावसात घुसतो." हे एवढं ज्ञान त्या दुकानात कुणालाच नव्हतं आणि कुणी विकतही घेतलं नसतं.

मग दाजीबांनी परीक्षेची आपली रीत काढली. बाजार उघडीप बघून गाठायचा आणि परीक्षा पावसात, औषधाच्या पुड्यांवाचून. विहिरीत टाकायचं जांभळं औषध असतं ना, त्याच्या कणभर पुड्या करून ते सदऱ्याला आतून टाचायचे. एक छातीशी, एक पोटाशी, मांड्यांवर दोन आणि एक पाठीला. जिथे पाणी शिरलं तिथे जांभळं. सोपं होतं. अडचण एवढीच की ते जांभळं कातडीवरून जात नसे. आषाढ लागेपर्यंत दाजीबा गळ्यापासून गुडघ्यापर्यंत वांग्यासारखे झाले. त्यांची बायको नदीवर बायकांना सांगायची, "न्हानीत रंगपंचमी संपंनाच आमच्या." गावात बोभाटा झाला की कंपाउंडरला नवाच रोग झालाय, आणि दोघेजण त्या रोगावरचं औषध आत्ताच घेऊन ठेवावं म्हणून माझ्याकडे नाव लिहायला आले.

पहिली पाळी इरल्याची. कामट्यांचा सांगाडा, वर पानांचा जाड थर; लावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर ते कासवासारखं बसतं. फुकटात घरी होतं. दाजीबा ते पाठीवर बांधून, फटफटीवर लावणी करत असल्यासारखे वाकून, उत्रोलीच्या उतारावरून निघाले. वारा पुढून इरल्याखाली शिरला. फटफटी पुढे गेली आणि दाजीबा वर गेले. किती वर, यावर उत्रोलीत अजून वाद आहे. कुणी म्हणतं बांधाएवढे, कुणी म्हणतं आंब्याएवढे. त्या दिवशी राजगडाखाली पालीला एका माणसाने आभाळात मोठं पाखरू बघितलं होतं, एवढंच मी सांगतो आणि पुढे जातो. फटफटी एकटीच बरीच लांब जाऊन एका गोठ्यात शहाण्यासारखी उभी राहिली होती.

दाजीबा चिखल झटकत आले आणि निकाल दिला, "इरलं चालत्या मानसाचं. पळत्याचं न्हवं."

दुसरी पाळी घोंगडीची. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यावरून ठकूबाई घोंगड्या विकायला यायची. चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली घोंगडी तिने दाजीबांच्या अंगावर टाकली. दाजीबांनी फटफटीचा बेत सांगितला तशी ती हसली.

"दाक्तर, ही घोंगडी मेंढरामागं बसायची हाय. पाऊस आला, बसली. पाऊस गेला, उठली. तुमी वाऱ्याच्या तोंडात जानार, मग तिनं काय करावं बिचारीनं?"

"पर भिजत न्हाई न्हवं?"

"भिजत न्हाई. पिती."

प्यायली. नसरापूरपर्यंत जाऊन माघारी येईस्तोवर तिने एवढं पाणी प्यायलं की ती अंगावरून उतरवायला मी, सखाराम आणि रस्त्याने चाललेला एक बैल असे तिघे लागलो. पिळली तेव्हा दवाखान्याचा हौद भरला आणि वर दोन घागरी उरल्या. आत दाजीबा पूर्ण जांभळे.

सखाराम म्हणाला, "कंपाउंडर, हिरा वाट बगतीया."

"तिला म्हनावं, जेवणानंतर."

तिसरी पाळी तेलाच्या कोटाची. जवसाचं तेल कढवून दोसुतीला पाजायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा पाजायचं. रीत चांगली होती, उन्हाळ्याची होती. दाजीबांनी ती आषाढात धरली. ऊन दिसेना, बाजाराचा दिवस आला, तेव्हा त्यांनी अर्धवट ओला कोट चिंध्यांत घट्ट गुंडाळला आणि उघडीप होती म्हणून मागे बांधला. तेलाचं कापड ओलं गुंडाळलं की आतल्या आत तापत जातं, हे त्यांना कळलं तेव्हा बाई ओरडत होती.

त्या बाईने त्यांना आपल्या गोठ्यात नेलं. पुड्या तिने पडवीतल्या कणगीत, भाताच्या दाण्यांत पुरून ठेवल्या. पाऊस जो पुन्हा लागला तो रात्रभर उघडला नाही. दाजीबा दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला पोचले. पुड्या खडखडीत. पण बाजार उठून गेला होता, आणि तापाने फणफणलेली माणसं चार डोंगर उतरून आली तशी रिकाम्या हाताने परत गेली होती.

डॉक्टरसाहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पुड्या कोरड्या आहेत म्हणून या वेळी सोडतो. पण ताप दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, दाजीबा. आता उशीर झाला तरी हिरा."

दाजीबांनी त्या दिवशी काही चाखलं नाही. ते माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. बाहेर पाऊस होता. समोर तबेला गळत होता, आणि त्या गळत्या तबेल्यात हिरा डोळे मिटून, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी सुखात उभी होती. अंगावर तीच जुनी झूल. किती वर्षं सखाराम तिला मेण आणि एरंडेल चोळत आला होता कुणास ठाऊक; पाणी तिच्यावर पडे आणि अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं खाली जाई. झूल वाकलेल्या पाठीला बेतलेली. पुढे मानेला भोक, छातीवर दुहेरी पदर, पोटाखाली पट्टे. वारा पुढून शिरायला जागाच नाही.

दाजीबांनी ते पाहिलं, आणि मी दाजीबांना पाहिलं. त्यांच्या तोंडाचा रंग उतरला. गळ्याखालचा जांभळा तेवढा राहिला.

ते तबेल्याच्या दारापर्यंत गेले. सखाराम आत विडी ओढत बसला होता.

"सखाराम, झूल दे."

"माजी हाय व्हय? तिची हाय. तिला मागा."

"गंमत नगं करू."

"गंमत न्हाई. मी काडून दिली तर ती तुमाला आयुष्यभर चावंल. मागून घ्या."

दवाखान्यातले रोगी बाकांवरून उठून बाहेर आले होते. दोन आजारी तर आजार विसरले. दाजीबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि दारातूनच, सासूशी बोलावं तसं बोलले, "हिराबाई, तुमची झूल पायजे हुती. पावसाळा सरंपतूर."

हिराने मान पुढे केली आणि त्यांची टोपी खाल्ली. सगळीच्या सगळी, आधीचं करपलेलं टोकसुद्धा.

"झालं," सखाराम म्हणाला, "कबूल केलं तिनं. आता पट्टा सोडा. आन् ती भिजनार तिचं काय?"

दाजीबांनी धावत जाऊन ठकूबाईची घोंगडी आणली. उभ्या जागी उभं राहणाऱ्या जिवाला घोंगडी बरोबर होती. डोळे गच्च मिटून, हात लांब करून त्यांनी एकेक पट्टा सोडला. पोटाखालचा पट्टा सोडताना ते जे पुटपुटत होते, ते रामनाम होतं असं सखाराम म्हणतो. मला ते 'दिवसातनं तीन येळा' असं ऐकू आलं.

त्या बाजारापासून भोर ते वेल्हे रस्त्यावर एक नवं जनावर दिसू लागलं. पुढे फटफटीचा दिवा, वर झूल, झुलीच्या भोकातून दाजीबांचं डोकं, मागे शेपटीखालचा मोकळा पट्टा वाऱ्यावर फडफडतोय. लावणीच्या बायका हातातली रोपं टाकून हसत. पोरं खिंकाळत. मार्गासनीला कुणीतरी त्यांच्यासमोर हरभऱ्याची पाटी ठेवली. दाजीबांनी त्यातले मूठभर घेतले, चाखले आणि "मीठ कमी" म्हणून पुढे गेले. पण वेल्ह्यात सदरा उघडून दाखवत तेव्हा जांभळ्या पुडीचा कण हललेला नसे. कुनैन अशी कोरडी असे की उघडताना खोलीतले सगळे शिंकत.

श्रावणातल्या शेवटच्या खेपेला मात्र मार्गासनीच्या अलीकडे ओढा चढला होता. दाजीबांनी फटफटी घातली. मधोमध ती एकदा खोकली आणि गप्प झाली. कमरेएवढ्या पाण्यातून त्यांनी ती ढकलत काढली आणि चिखलातून ओढत चालू लागले. फटफटीचा आवाज थांबला होता, म्हणून इतके दिवस न ऐकू आलेली एक गोष्ट पहिल्यांदा ऐकू येऊ लागली. झुलीची घुंगरं.

पहिल्या वाडीतून एक म्हातारी बाटली घेऊन बाहेर आली. मग दुसरी. मग घोंगडीत गुंडाळलेला एक कुडकुडता बाप्या. "आली गं हिरा," कुणीतरी ओरडलं. फटफटीच्या आवाजाने हीच माणसं आजवर गुरं आवरायला आत पळत होती. औषध दारावरून पुढे निघून जातंय हे कुणाला कळतच नव्हतं. दाजीबा वाडीवाडीला थांबले. आधी चाखलं, मग दिलं. फटफटी वाडीतले दोघे ढकलत होते. वेल्हे आलं तेव्हा बाजार ऐन भरात होता आणि छातीवरच्या पुड्या खडखडीत होत्या.

पावसाळा सरला तसं डॉक्टरसाहेबांनी भोरला सगळ्यांदेखत सांगितलं, "जिंकलात, दाजीबा. फटफटी तुमची. आता ही घोडी कशाला पोसायची? पुढच्या महिन्यात तिचा लिलाव करून टाकू."

सखारामच्या हातातली बादली खाली आली. आजवर तो दाजीबांना टोमणे का मारत होता, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना एकदम कळलं.

दाजीबांनी घसा साफ केला. "साहेब, हिरा इकायची म्हंजी झुलीसकट?"

"अर्थात. झूल तिचीच ना?"

"तिचीच. म्हंजी घोडी गेली की झूल गेली. झूल गेली की पुड्या भिजल्या. पुड्या भिजल्या की तुमच्या बोलीपरमानं मला घोडीवर बसावं लागनार. आन् घोडी तर इकलेली. मग बसू कशावर?"

साहेब मोठे शिकलेले होते, पण यातून बाहेर पडायची वाट त्यांना सापडली नाही. हिरा राहिली. सखाराम राहिला. त्या संध्याकाळी तो झुलीला मेण चोळायला बसला, तो चोळतच राहिला.

त्यानंतर काही वर्षं हे असंच चाललं. पावसाळाभर हिराकडे घोंगडी, दाजीबांकडे झूल. दसऱ्याला दोघांची अदलाबदल. झुलीचा वास दाजीबांच्या अंगात इतका मुरला की हिरा त्यांना चावेनाशी झाली. उलट त्यांची बायकोच कुरकुरायची की घरात कोण आलंय ते कळत नाही. पण दाजीबा तबेल्याच्या उंबऱ्याच्या आत मात्र पुन्हा कधी गेले नाहीत. बाहेरूनच बोलत. अहो-जाहो.

मग दुसरं महायुद्ध पेटलं आणि पेट्रोल औषधालाही मिळेना. फटफटी पडवीत उभी राहिली आणि तिच्या दिव्यामागे चिमण्यांनी घरटं केलं. माझी तोवर बदली झाली होती.

एकदा भर पावसात मी नसरापूरहून बैलगाडीने चाललो होतो. पुढून घुंगरांचा आवाज आला. हिरा येत होती. बरीच थकली होती, पण अंगावर झूल होती आणि तिच्याखाली थैलीचा उंचवटा दिसत होता. तिच्या पुढे, लगाम ऐसपैस लांब धरून, पाठीवर इरलं घेतलेले दाजीबा चालत होते. चालत्या माणसाला इरलं कसं शोभतं ते मी तेव्हा पाहिलं. अंगावर थेंब नव्हता. पायात मात्र गुडघ्यापर्यंत चिखल. भोर ते वेल्हे, पायी, आणि मागे रिकाम्या पाठीची घोडी.

गाडी थांबवून मी ओरडलो, "अहो दाजीबा, एवढी घोडी मागनं येतीये, बसा की तिच्यावर!"

त्यांनी मागे वळून हिराकडे पाहिलं. हिराने त्यांच्याकडे पाहिलं.

"अजून इचारलं न्हाई तिला," दाजीबा म्हणाले.